ब्रेक ओरडतो तेव्हा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

आज मी तुमच्याशी एका आवाजाविषयी बोलणार आहे. आवाज गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो आहे सायकलच्या ब्रेकचा.

माझ्या भाच्यानं दोन वर्षं पैसे साठवून डोंगरात चालवायची सायकल घेतली. जाडजूड टायर, पुढच्या चाकाला धक्के झेलणारा काटा, आणि दोन्ही चाकांना मोटारसायकलसारखे तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठायचा आणि मित्रांबरोबर घाट चढून उतरायचा. पहिले काही महिने सगळं ठीक होतं. पावसाळा सुरू झाला आणि त्या ब्रेकला कंठ फुटला. गल्लीच्या तोंडाशी त्यानं ब्रेक दाबला, की असा काही चीत्कार उठायचा की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं दचकायची. शेजारी म्हणायचे, "भाचा आला वाटतं."

मी ज्या पिढीतला आहे, तिची तेलाच्या कुपीवर नितांत श्रद्धा. आमच्या अब्बांची काळी सायकल होती. ती कुठंही कुरकुरली की अब्बा कुपीची चोच टेकवायचे आणि दोन थेंब सोडायचे. चेन वाजली, तेल. पेडल वाजलं, तेल. सीटची स्प्रिंग वाजली, तेल. एका रविवारी दुपारी भाचा झोपलेला असताना मीही तेच केलं. पुढच्या चकतीवर दोन थेंब, मागच्या चकतीवर दोन थेंब. चाक फिरवून ब्रेक दाबून पाहिला. आवाज गायब! मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

संध्याकाळी तो सायकल घेऊन बाहेर पडला. आमच्या गल्लीच्या टोकाला छोटा उतार आहे आणि त्यापुढं मोठा रस्ता. उतारावर त्यानं दोन्ही ब्रेक दाबले. आवाज आला नाही. पण सायकलही थांबली नाही. नशीब एवढंच, की कोपऱ्यावर एका घराचं बांधकाम चालू होतं. मोठ्या रस्त्यावर जाण्याऐवजी पोरानं सायकल वाळूच्या ढिगात घातली. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. माझी बहीण मला एवढंच म्हणाली, "भाईजान, ओरडत होती तीच बरी होती."

दुसऱ्या दिवशी मी ती सायकल ढकलत एका मेकॅनिककडं घेऊन गेलो. त्यानं चकतीवरून कापडाचा एक कोपरा फिरवला, तो नाकाशी नेला आणि विचारलं, "काका, तेल कुणी टाकलं?"

"मी."

"का?"

"आवाज येत होता."

"कसला आवाज?"

"कर्कश."

"तसं नव्हे. ब्रेक दाबल्यावर यायचा, की न दाबताही? सलग यायचा, की चाकाच्या एका फेऱ्याला एकदा? पावसातच यायचा, की कोरड्यातही? पुढच्या चाकाचा, की मागच्या?"

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. शब्दांचा नाद मोजण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसानं महिनाभर घरात घुमणारा आवाज एकदाही नीट ऐकलेला नव्हता. फक्त तो बंद व्हावा, एवढीच इच्छा धरली होती. त्या शरमेपोटी मी या ब्रेकचा इतिहास शोधत गेलो. तो आज तुम्हाला सांगतो, कारण त्या इतिहासातच मेकॅनिकच्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

सायकलचा पूर्वज १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम शहरात रस्त्यावर आला. कार्ल ड्राइस या गृहस्थाचं ते लाकडी दुचाकी यंत्र. त्याला पेडल नव्हतं. पायानं जमीन मागं रेटायची आणि पुढं जायचं. पाय जमिनीला टेकत होते, त्यामुळं थांबण्याचाही मोठा भरवसा पायांवरच होता. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल बसलं, पाय जमिनीवरून उचलले गेले, आणि थांबायचं कसं हा प्रश्न गंभीर झाला. तेव्हाच्या उत्तराला इंग्रजीत 'चमचा ब्रेक' म्हणत. चमच्याच्या आकाराचा धातूचा तुकडा थेट चाकाच्या धावेवर दाबायचा. पॅरिसच्या त्या गाड्यांवर हँडल मुठीत धरून पिळलं, की दोरी गुंडाळली जायची आणि मागच्या चाकावर ब्रेक लागायचा.

मग १८७०च्या दशकात ती उंच चाकाची सायकल आली. पुढचं चाक जवळजवळ माणसाएवढं, मागचं एवढंसं. तिच्या पुढच्या चाकावर ब्रेक जोरात दाबला, की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर आपटायचा. म्हणजे ब्रेक न लागणं हे संकट होतंच, पण ब्रेक फार चांगला लागणं हेही संकट होतं. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, चेननं मागचं चाक फिरवणारी सायकल आणली. आज आपण जी सायकल ओळखतो ती हीच. तीन वर्षांनी, १८८८मध्ये, बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी हवा भरलेला टायर तयार केला. हवेच्या टायरवर चमचा घासला तर टायरच झिजतो. म्हणून ब्रेक टायरवरून हळूहळू रिमवर सरकला.

आपल्याकडच्या काळ्या सायकलींवर दांड्याचे ब्रेक असत, ते याच वंशातले. मूठ दाबली की लोखंडी दांडे वर खेचले जात आणि रबराचे दोन गुटके रिमला आतल्या बाजूनं भिडत. माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल, पावसाळ्यात या ब्रेकचा काही उपयोग नसे. चकचकीत लोखंडी रिम भिजली की रबर नुसतं सरकत राही. शेवटी चप्पल घासूनच थांबावं लागे. ड्राइससाहेबांच्या काळाहून आपण फार पुढं गेलो नव्हतो.

आता चकतीकडं वळू. सायकलच्या डिस्क ब्रेकचं घराणं मोटारीकडचं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं १९०२ साली मोटारीसाठी चकतीच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर धातूची पातळ चकती फिरते आणि दोन बाजूंनी तिला चिमटीत धरलं की चाक थांबतं. कल्पना आजचीच. पण चिमटीत धरायला त्यानं तांब्याचं अस्तर वापरलं होतं, असं सांगतात. धातूवर धातू! तो ब्रेक असा काही किंचाळायचा, की ऐकणाऱ्यांना सोसवत नसे. म्हणजे माझ्या भाच्याच्या सायकलनं काही नवीन केलं नव्हतं. डिस्क ब्रेक जन्मतःच रडत आला होता.

याच सुमाराला इंग्लंडच्या डर्बीशायर भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक माणूस ब्रेकचाच विचार करत होता. तो डोंगराळ भाग. तिथले गाडीवान घोडागाडी उतारावरून नेताना लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यावर जुना बूट ठोकून बसवत, हे त्यानं पाहिलं. लाकडापेक्षा बुटाचं कातडं चाकाला अधिक धरून राहतं, हे गाडीवानांना अनुभवानं कळलेलं होतं. फ्रूडनं त्यावरून धडा घेतला, की धरणारी वस्तू आणि धरली जाणारी वस्तू यांची जोडी जुळली पाहिजे. ब्रेकची ताकद नुसत्या दाबण्यात नाही, त्या जोडीत आहे. १८९७ साली त्यानं ब्रेकची अस्तरं बनवायचा व्यवसाय सुरू केला. त्याच्या आडनावाच्या अक्षरांची उलटापालट करून आणि बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावाचं पहिलं अक्षर त्यात मिसळून 'फेरोडो' हे नाव तयार झालं. मोटारदुरुस्तीच्या दुकानांत ते आजही ऐकू येतं.

१९०८च्या सुमाराला या अस्तरांमध्ये अॅस्बेस्टॉस आलं. ते उष्णतेला दाद देत नाही, घट्ट धरतं आणि धातूसारखं किंचाळत नाही. जगभरच्या ब्रेकनी ते स्वीकारलं. ब्रेक शांत झाले. पण त्याचे बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि कित्येक वर्षांनी कॅन्सर होतो, हे उघड व्हायला दशकं गेली. ब्रिटननं त्यावर पूर्ण बंदी घातली ती १९९९मध्ये. कारखान्यांत आणि गॅरेजमध्ये ती धूळ झटकणाऱ्या माणसांनी त्या शांततेची किंमत चुकवली. ही हकीकत वाचताना मला माझे चार थेंब आठवले. आवाज बंद झाला म्हणजे दुखणं गेलं, असं नसतं. ते कुठं गेलं, हेही पाहावं लागतं.

ब्रेकमधल्या तेलाची गोष्ट वेगळी. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडं सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालनं सांगून ठेवलं होतं. ब्रेकसाठी त्याचा उपयोग करणारं पेटंट १९१७ साली अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी घेतलं, आणि १९२१मध्ये ड्यूझेनबर्ग कंपनीच्या मोटारीत चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक आले. तत्त्व साधं आहे. मुठीजवळ लहान दट्ट्या, चाकाजवळ मोठा दट्ट्या आणि मधल्या नळीत तेल. बोटानं हलकंच दाबा, चाकाशी त्याच्या कितीतरी पट जोर मिळतो. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार मोटार डिस्क ब्रेक लावून उतरली आणि जिंकली. ते ब्रेक डनलॉप कंपनीचे होते. ज्या नावाच्या टायरनं चमचा ब्रेकला हद्दपार केलं, त्याच नावाच्या कंपनीनं चकतीला मान मिळवून दिला. १९६९ साली होंडाच्या साडेसातशे सीसीच्या मोटारसायकलवर तेलाचा डिस्क ब्रेक आला. आता तो दुचाकीवर पोचला होता. सायकल मात्र अजून दूर होती.

सायकलला त्याची गरज पटली ती एका उतारामुळं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन काउंटी लागते. तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळ डोंगरातून उतरणारा एक कच्चा रस्ता आहे. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेला. १९७०च्या दशकात तिथल्या काही तरुणांना भंगारातल्या सायकली घेऊन हा रस्ता उतरायचा नाद लागला. सायकली १९३०-४०च्या काळातल्या, जाड टायरच्या, वजनदार. त्यांना ब्रेक एकच, मागच्या हबच्या पोटात. पेडल उलटं मारलं की लागणारा. हबमध्ये ग्रीस भरलेलं असे. दोन मैलांहून थोडं अधिक अंतर आणि त्यात साधारण चारशे मीटरचा उतार. खाली पोचेपर्यंत हब इतकं तापायचं, की ग्रीसचा धूर होऊन निघून जायचं. पुन्हा उतरायचं तर आधी हब खोलून नवं ग्रीस भरावं लागे. 'पुन्हा भरणं' याला इंग्रजीत 'रीपॅक'. त्या रस्त्याचं नावच रीपॅक पडलं.

यात अतिशयोक्ती काही नाही. हिशेब करून पाहा. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो धरा. चारशे मीटर उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, ती साधारण साडेतीन लाख ज्यूल. नळाचं एक लिटर पाणी उकळीला आणायला एवढीच ऊर्जा लागते. थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी रस्त्यात. पण बाकीची सगळी त्या मुठीएवढ्या हबमध्ये. ब्रेक म्हणजे तरी काय? वेगाची उष्णता करायची आणि ती उष्णता बाहेर टाकायची. बाहेर टाकता आली नाही, की ब्रेक जळतो.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी या रस्त्यावर पहिली शर्यत झाली. ती भरवणारा चार्ली केली. पुढं गॅरी फिशरनं हा उतार चार मिनिटं बावीस सेकंदांत उतरून विक्रम केला. जो ब्रीझचा वेळ त्याच्याहून फक्त दोन सेकंदांनी जास्त. याच जो ब्रीझनं १९७७ साली खास या कामासाठी नवीन सांगाडा तयार केला, आणि १९७९मध्ये फिशर आणि केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाचा व्यवसाय सुरू केला. डोंगरातल्या सायकलला नाव मिळालं ते असं. हबमधला ब्रेक जाऊन रिमवरचे ब्रेक आले. १९९६ साली जपानच्या शिमानो कंपनीनं लांब बाहूंचे, जोरकस 'व्ही ब्रेक' आणले. त्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलची शर्यत पहिल्यांदा झाली.

पण रिमचं जुनं दुखणं कायम होतं. रिम चिखलात लोळते, पाण्यात भिजते, दगडावर आपटून वाकते. चकती हबजवळ असते, चिखलापासून दूर. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या माउंटन सायकल या कंपनीची 'सॅन अँड्रियास' ही सायकल तेलाच्या डिस्क ब्रेकसह बाजारात आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत युरोप, अमेरिका आणि जपानमधल्या कंपन्यांनी हे ब्रेक हलके केले, स्वस्त केले. आज आपल्या शहरांतल्या दुकानांतही ते सहज दिसतात. आणि त्यांच्यामागोमाग तो लँचेस्टरच्या काळातला आवाजही घरोघरी आला.

हा आवाज येतो कसा, हे मला सारंगीमुळं समजलं. सारंगीचा गज तारेवरून सरळ सरकत नाही. राळ लावलेले केस तारेला पकडतात, थोडं ओढतात, तार निसटते, पुन्हा पकडतात. सेकंदाला शेकडो वेळा हे पकडणं आणि निसटणं चालतं, म्हणून तार बोलते. ब्रेकचं पॅड आणि चकती यांच्यात हेच घडतं. चकती दोन मिलिमीटरहूनही पातळ. चाकाचे आरे ताणलेल्या तारांसारखे. सांगाड्याच्या नळ्या आतून पोकळ. म्हणजे गज आहे, तारा आहेत आणि नाद वाढवणारी पेटीही आहे. मोटारीचं जड चाक जी थरथर गिळून टाकतं, ती सायकल साऱ्या गल्लीला ऐकवते. पकड सलग असेल तर आवाज नाही. ती तुटक झाली, की गाणं सुरू. पकड तुटक का होते, एवढंच शोधायचं असतं.

मेकॅनिकनं त्या दिवशी मला जे शिकवलं, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, ब्रेक न दाबता येणारा आवाज. चाकाच्या एका फेऱ्याला एकदाच 'सिंग' असा येत असेल, तर चकती एका जागी वाकली आहे. पॅड आणि चकती यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, तेव्हा केसाएवढा बाक पुरतो. आवाज सलग घासल्यासारखा असेल, तर पॅड ज्यात बसतात तो कॅलिपर मध्यावर नाही. त्यामागं पांढरा कागद धरून पाहिलं की दोन्ही बाजूंच्या फटी दिसतात. त्याचे दोन बोल्ट सैल करायचे, ब्रेकची मूठ दाबून धरायची म्हणजे कॅलिपर आपोआप मध्यावर येतो, आणि मूठ न सोडता बोल्ट आवळायचे. तरीही एकच पॅड घासत राहिलं, तर त्या बाजूचा दट्ट्या मळानं अडकून मागं सरकत नाही, असं समजायचं.

दुसरी गोष्ट, ब्रेक दाबल्यावर येणारा आवाज. तो फक्त भिजल्यावर येत असेल आणि चार-पाचदा ब्रेक लावल्यावर जात असेल, तर ते दुखणंच नव्हे. पाणी आहे, सुकलं की गेलं. खडखड किंवा थरथर असेल तर आधी बोल्ट तपासायचे. चकतीचे, कॅलिपरचे, चाकाचे. खरवडल्यासारखा, दगडावर लोखंड ओढल्यासारखा आवाज असेल, तर तिथंच सायकलवरून उतरायचं. पॅड संपलं आहे आणि आतली धातूची पट्टी चकतीला खात आहे.

आणि कोरड्यातही येणारी ती लांब किंचाळी? तिची कारणं मुख्यतः दोन. एक तर पॅड नवीन आहेत आणि अजून चकतीशी जुळलेले नाहीत, किंवा फार तापून त्यांच्यावर काचेसारखी चकाकी आली आहे. तशी चकाकी पॉलिश पेपरनं घासून काढता येते. दुसरं कारण तेल. चेनवर फवारलेलं तेल, मुरलेल्या सीलमधून पाझरलेलं ब्रेकचं तेल, कधी नुसत्या बोटांचा ओशटपणा. थोडं तेल असेल तर पकड तुटक होते आणि ब्रेक ओरडतो. तेल जास्त झालं, की पकडच उरत नाही आणि ब्रेक गप्प बसतो.

"म्हणजे," मेकॅनिक म्हणाला, "काका, तुमच्या भाच्याचा ब्रेक आधीपासूनच तेलकट झाला होता. चेनचं तेल उडालं असणार. तो ओरडून सांगत होता, की माझ्यावर तेल आलंय. तुम्ही त्याला आणखी पाजलंत."

पॅड तेल पिऊन बसलं की सहसा परत येत नाही. काही लोक ते गॅसवर भाजून पाहतात. त्यानं मला साफ सांगितलं, "शे-दोनशे रुपयांसाठी पुन्हा प्लॅस्टर नको." चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, पुन्हा नव्या फडक्यानं पुसली, पॅड नवे घातले. पॅड निवडतानाही त्यानं विचारलं, डोंगर किती, पाऊस किती? राळेत बांधलेले पॅड मऊ आणि शांत असतात, पण लवकर झिजतात. धातूची भुकटी तापवून, दाबून केलेले पॅड टिकाऊ, पावसात आणि लांब उतारावर भरवशाचे, पण थोडे बोलके. म्हणजे फ्रूडची ती जुनी शिकवण अजून खरी आहे. जोडी कुणाची कुणाशी, आणि रस्ता कोणता, हे पाहायचं.

एक सूचना त्यानं ब्रेकच्या तेलाविषयीही दिली. काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असतं, काहींमध्ये मोटारीतलं 'डॉट' म्हणून ओळखलं जाणारं द्रव. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. मूठ स्पंजासारखी मऊ लागली, तर नळीत हवा शिरली आहे. त्याला आवाज येत नाही, म्हणून त्याकडं दुर्लक्ष करायचं नाही.

प्लॅस्टर निघालं त्या आठवड्यात आम्ही दोघं नवे पॅड जुळवायला बाहेर पडलो. सायकल त्यानं चालवायची आणि मी रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐकायचं, असं ठरलं. सपाट, मोकळा रस्ता. बऱ्यापैकी वेग घ्यायचा, चाक न अडवता चालण्याच्या गतीपर्यंत सावकाश ब्रेक लावायचा, सोडायचा, पुन्हा वेग घ्यायचा. असं वीसेकदा. त्यानं पॅडचा पातळ थर चकतीवर सारखा बसतो आणि दोघांची ओळख होते. पहिल्या काही वेळा नुसती खरखर आली. मग ती बारीक होत गेली. पंधराव्या-सोळाव्या वेळी फक्त टायरचा आवाज राहिला आणि सायकल माझ्यासमोर येऊन हुकमी थांबली.

परतताना पावसाची सर आली. गल्लीच्या त्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला आणि पुन्हा तोच चीत्कार उठला. माझ्या छातीत धस्स झालं. पण सायकल थांबली होती. त्यानं मागं वळून पाहिलं, हसला आणि म्हणाला, "पाणी आहे, मामू. जाईल."

दोन-तीनदा ब्रेक लावला. आवाज गेला.

घरी येऊन मी तेलाची कुपी सायकलजवळच्या फळीवरून उचलली आणि शिवणयंत्राच्या खणात नेऊन ठेवली. तिथं तिचं काम आहे.